आसूदकरांची फळी

बयोआत्याने डाव्या तळहातावर माझ्याकडून बॉलपेनने एक नाव लिहून घेतलं होतं आणि हात पुढे धरून ती एकेका थडग्यापुढे वाकत होती. इंग्रजी तिला येत नव्हतं. तळहातावरची अक्षरं आणि दगडावरची अक्षरं सारखी दिसतात का, एवढंच ती बघत होती. अंगावर सुती लुगडं, त्यावर माझा हिवाळ्यातला कोट, पायात माझेच कॅनव्हासचे बूट आणि आत दोन-दोन मोजे. इंग्लंडातल्या मे महिन्याला ती उन्हाळा म्हणायला तयार नव्हती.

"हे बघ गो कुंदे, पयलं अक्षर वाटोळं हाय."

"हे ओवेन आहे, आत्या. ओल्डफील्ड नाही."

"बरं. पुढं चल."

असं आमचं सकाळपासून चाललं होतं. वेदरलो नावाचं ते गाव डर्बीशायरच्या डोंगरात आहे. दगडी घरं, दगडी कुंपणं, कुंपणांमागे मेंढ्या आणि मधोमध बुटक्या मनोऱ्याचं चर्च. मी तेव्हा डर्बीच्या एका इस्पितळात नर्स होते. येऊन दोन वर्षं झाली होती, पण ती मी वॉर्ड आणि खोली यांच्या मध्येच घालवली होती. हा डोंगर मी पहिल्यांदा पाहिला तो बयोआत्यामुळे.

आम्ही शोधत होतो तो जॉब ओल्डफील्ड आमचा खापरपणजा की त्याचाही बाप, यावर घरात एकमत नाही. दापोलीला गोऱ्यांचा कॅम्प होता त्या काळात तो शिपाई म्हणून आला, पेन्शनीत निघाला आणि परत गेलाच नाही. आसूदच्या भागीरथीबरोबर त्याने संसार मांडला. मुलांनी आईच्या गावाचं नाव लावलं, आईचे देव पुजले आणि आम्ही आसूदकर झालो. कॅम्पातल्या जुन्या दफनभूमीत त्याचा दगड आहे. त्यावर त्याचं नाव आणि खाली 'वेदरलो, डर्बीशायर' एवढंच कोरलंय. बाकी त्याच्या नावावर आमच्याकडे दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक म्हणजे माझ्या थोरल्या भावाचे, भालूदादाचे, घारे डोळे. आणि दुसरी फळी.

फळीबद्दल सांगायलाच हवं. दर अक्षय तृतीयेला आख्खं कोकण पितरांच्या नावाने पाण्याचा घडा देतं. आम्ही घडा देतोच, पण त्याशिवाय विहिरीवर फळी उभी करतो. पुरुषभर उंचीची फणसाची फळी, तिला चहूबाजूंनी काठ आणि अंगभर ठोकलेले खिळे. आधी ती तळ्यात चांगली भिजवायची. मग चिकणमाती मिठाचं पाणी घालून पायाने तुडवायची आणि फळीवर थापायची. त्या ओल्या मातीवर सुरूच्या छोट्या काळ्या फळांनी चित्राची रेघ काढायची, आणि रेघेच्या आत फुलांच्या पाकळ्या दाबत न्यायच्या. त्याही तळापासून वर. खालची ओळ आधी, तिच्यावर थोडी चढवून वरची ओळ. वरून सुरुवात केलेली बयोआत्याला खपायची नाही; लहानपणी एकदा मी केली, तर तिने सगळ्या पाकळ्या उपटून मला पुन्हा पहिल्यापासून लावायला लावल्या होत्या.

असं का, म्हणून विचारलं की घरात प्रत्येकाकडे वेगळं उत्तर. मीठ कशाला? दृष्ट लागू नये म्हणून. सुरूची फळं कशाला? काळ्या मण्यांसारखी दिसतात म्हणून. तळापासून वर का? विहिरीत पाणी खालून वर येतं म्हणून. वाडीतले लोक हसायचे. आसूदकरांनी फळी काढली, म्हणजे आता आंबे उतरवायला हरकत नाही, म्हणायचे.

नळ आला आणि विहिरीचं पाणी कोणी ओढेना. फळी भरायला माणसं येईनात. शेवटी शेवटी बयोआत्या एकटीच बसायची. लग्न केलं नव्हतं तिने. भावाच्या मुलांना वाढवलं आणि ही एक गोष्ट धरून ठेवली. त्या वर्षी भालूदादाने ठरवलं की विहीर बुजवायची आणि त्या जागेवर पर्यटकांसाठी चार खोल्या काढायच्या. माणूस वाईट नाही तो. पण त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. आत्याला तो म्हणाला, आजोबांना कारण माहीत नव्हतं, पणजोबांना नव्हतं, तुला नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तेव्हा आत्याने शब्द दिला. कारण सापडलं तर विहीर राहील. नाही सापडलं तर गणपतीनंतर ती स्वतः पहिला दगड आत टाकेल. त्या वर्षीची फळी भरून, घडा देऊन, ती आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली. पितरांना विचारायचं तर त्यांच्या घरी जायला हवं, असा तिचा सरळ हिशेब होता.

पण पितरांच्या घरी नन्नाचा पाढा होता. चर्चची देखभाल बघणारे टॉमलिन म्हणून एक गृहस्थ होते. उंच, सभ्य, नाकाला गळती लागलेले. जुनी बाडं त्यांनी आमच्यासाठी आधीच चाळून ठेवली होती. ओल्डफील्ड नावाच्या कोणाचाही जन्म, लग्न किंवा मरण त्यात नव्हतं. ते मनापासून दिलगीर होते. त्यांचं म्हणणं असं, की गरीब माणसं कामाच्या मागे गावोगाव हिंडत. काही जण दुसऱ्या पंथाच्या प्रार्थनाघरात जात, आणि त्या पंथाचं इथलं घर तर केव्हाच जळलं. म्हणजे तो इथलाच नसेल असंही नाही, आणि असेलच असंही नाही.

मी हे सगळं आत्याला मराठीत सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग राहिलेली थडगी बघून घेते म्हणाली आणि शेवटच्या दगडापर्यंत गेली. तिथून परत आली तेव्हा तिने तळहातावरचं नाव पदराने पुसून टाकलं होतं. शाई नीट निघाली नव्हती, निळा डाग राहिला होता.

"चल," ती म्हणाली. "दगड मलाच टाकायचाय, तर मी टाकीन. भालूला दोष नाय."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं. बस यायला अवकाश होता. आम्ही चर्चच्या मागच्या उताराने खाली निघालो. आत्या पुढे, मी मागे. आणि एका दगडी कोठाराच्या दाराशी ती थबकली.

"माती तुडवलीय कोणीतरी," ती म्हणाली.

मला काही वास आला नव्हता. दाराशेजारी एक जुनी लोखंडी टाकी होती आणि तीत राखाडी चिकणमाती. वर पायांचे ठसे होते. अनवाणी पायांचे, बोटंसुद्धा उमटलेली. आत्या वाकली, करंगळीने कणभर माती उचलली आणि मी नको म्हणेपर्यंत जिभेला लावली.

ती तशीच वाकलेली राहिली. मला वाटलं पाठीत लचक भरली.

"कुंदे, मीठ हाय यात."

मी म्हणाले, असेल इथल्या मातीत. ती म्हणाली, मातीत नसतं गो, घालावं लागतं. आणि दार ढकलून सरळ आत गेली. परक्याच्या घरात असं शिरत नाहीत, हे मला इंग्लंडने शिकवलं होतं. आत्याला कोणी शिकवलं नव्हतं म्हणून बरं.

आत लांब टेबलं होती आणि टेबलांवर आडवी ठेवलेली फळी. आमच्यापेक्षा मोठी, पण काठ तसेच, कोपऱ्यात उघडे राहिलेले खिळे तसेच आणि वर थापलेली ओली माती तशीच. भोवती पाच-सात बायका वाकून बसल्या होत्या. कोणी परडीतून पाकळ्या निवडत होती, कोणी अंगठ्याने दाबत होती. अर्ध्या चित्रात एक मेंढपाळ दिसायला लागला होता. मेंढपाळाच्या अंगाभोवती काळ्या मण्यांची रेघ होती.

मी त्या रेघेकडे बघत राहिले. अशी गोष्ट जगात एकाच विहिरीवर होते असं मी जन्मभर धरून चालले होते. त्याची मला शाळेत लाज वाटायची, मैत्रिणींना मी त्या दिवशी घरी बोलवायची नाही. आणि इथे समुद्रापलीकडच्या एका कोठारात ओळखदेख नसलेल्या बायका चहाचे कप बाजूला ठेवून तेच करत होत्या.

त्यातल्या सर्वांत वयस्क बाई उठून आल्या. डोरोथी बॅगशॉ त्यांचं नाव. हाताला माती, चष्मा कपाळावर. आम्ही प्रवासी असू असं त्यांना वाटलं. गावात पाच विहिरी आहेत, दर वर्षी या आठवड्यात त्या सजवतात, कधीतरी दुष्काळात सगळा मुलूख कोरडा पडला पण या पाच आटल्या नाहीत म्हणून, असं त्यांनी सांगितलं. पाहुण्यांनाही थोडं काम करू देतात. एक लहान फळी त्यासाठीच ठेवली होती. त्यांनी आत्यापुढे पाकळ्यांची परडी सरकवली आणि माझ्याकडे वळून, मिठाने माती लवकर वाळत नाही इथपासून, कसं करायचं ते समजावू लागल्या.

आत्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने आधी काळ्या फळांची वाटी उचलली, एक फळ चिमटीत धरून उजेडात फिरवलं आणि मला विचारलं, इथे सुरूची झाडं कुठून आली? मी डोरोथीबाईंना विचारलं. त्यांनी खिडकीतून ओढ्याकाठची हिरवी झाडं दाखवली. आल्डर म्हणतात. सुरूचा आणि त्या झाडाचा काडीचा संबंध नाही, पानं वेगळी, खोड वेगळं. फळ मात्र तेच. आमच्याकडच्या हर्णैच्या किनाऱ्यावरून वेचून आणलेलं असावं इतकं तेच.

मग आत्याने बूट काढले, मोजे काढले, कोटाच्या बाह्या सरसावल्या आणि बसली. काळ्या फळांची रेघ ओढली. एक घडा काढला तिने, साधा, रुंद पोटाचा. आणि पिवळ्या पाकळ्या घेऊन घड्याच्या बुडापासून लावायला लागली. देठाकडची बाजू वर, टोक खाली, अंगठ्याने हलका दाब. एक ओळ. तिच्यावर अर्धं बोट चढवून दुसरी.

डोरोथीबाई मला सांगत होत्या की सुरुवात नेहमी खालून, आणि बोलता बोलता त्यांची नजर आत्याच्या हातांवर गेली. त्या थांबल्या. कपाळावरचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर घेतला. हळूहळू बाकीच्या बायकाही उठून भोवती आल्या. आत्याला आपल्याभोवती कोण आहे याचं भान नव्हतं. तिचं तिसऱ्या ओळीकडे लक्ष होतं.

"यांना कोणी शिकवलं?" डोरोथीबाईंनी मला विचारलं.

मी सांगितलं. जॉब ओल्डफील्ड, दापोली, भागीरथी, आमची विहीर, फणसाची फळी. चर्चमध्ये त्याचं नाव नाही, हेही सांगितलं. डोरोथीबाईंनी मान हलवली. ओल्डफील्ड नावाचं कोणी त्यांच्याही ऐकण्यात नव्हतं.

"नावाचं मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण हिचे हात आमच्या गावचे आहेत."

मी ते आत्याला सांगितलं. तिने मान वर केली, त्या सगळ्या बायकांकडे पाहिलं आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती बाई कामाची पक्की. डोळे दंडाला पुसून ती म्हणाली, "विचार त्यांना. तळापासून वर का?"

सगळा प्रवास या एका प्रश्नासाठी होता. मी विचारला. काय उत्तर येईल? यांच्याकडेही आमच्यासारखंच काहीतरी निघालं तर? आजी सांगायची म्हणून, असं म्हणाल्या तर?

जेवताना घास तोंडातच का घालता, असं मी विचारल्यासारखं डोरोथीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी दाराबाहेर बोट दाखवलं. आम्ही आत असताना बाहेर पाऊस सुरू झाला होता. तिकडचा बारीक, आवाज न करणारा पाऊस, जो आला कधी ते कळत नाही.

"याच्यासाठी," त्या म्हणाल्या.

त्यांनी आम्हाला बाहेर नेलं. वरच्या गल्लीतल्या विहिरीची फळी सकाळीच उभी केली होती. आत्या अनवाणीच निघाली, मी मागून छत्री धरत धावले, तिने ती बाजूला सारली. फळीपुढे जाऊन ती उभी राहिली. पाऊस चित्रावर पडत होता. थेंब वरच्या पाकळीवरून खालच्या पाकळीवर उतरत होता, तिच्यावरून तिच्या खालच्या, आणि असा करत करत काठावरून जमिनीवर. मातीला पाणी शिवत नव्हतं. आमच्या घरावरची कौलं हेच करतात, आणि कौलं शाकारताना आम्हीसुद्धा खालूनच सुरुवात करतो. इतकी वर्षं दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर होत्या, पण एकीवरून दुसरी कोणाच्या डोक्यात आली नव्हती. येणार कशी? एकीवर पाऊस पडायचा, दुसरीवर कधी पडलाच नाही.

आत्या किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. लुगडं भिजून पायांना चिकटलं होतं. तिने हात पुढे करून सर्वांत खालच्या पाकळीखाली धरला, आणि पाण्याचा थेंब तिच्या तळहातावरच्या निळ्या डागावर पडला.

"कुंदे," ती म्हणाली, "अक्षय तृतीयेला आपल्याकडे पाऊस असतो काय गो?"

"नाही, आत्या."

"भट्टीवानी ऊन असतं. पाकळी दुपारपातूर करपते." तिने तळहात मिटून घेतला. "त्याच्या हातांना कुणी सांगितलंच नाय, की बाबा, आता तू दापोलीत आलास."

कॅम्पातला तो कोरडा, तापलेला दगड माझ्या डोळ्यांसमोर आला. मे महिन्याच्या उन्हात, भागीरथीच्या विहिरीवर, हा माणूस एकेक पाकळी पावसासाठी लावत बसला होता. त्याच्या मुलाने ते बघून उचललं, मुलाच्या मुलाने उचललं, आणि आम्ही दीड-दोनशे वर्षं न आलेल्या पावसाची तयारी करत राहिलो. ज्याचं नाव त्याच्या गावालाही आठवत नाही, तो माणूस त्या क्षणी मला इतका जवळ वाटला, की मी वळून मागे बघितलं.

घरी फोनवर काही सांगायचं नाही, असं आत्याने मला बजावलं. निघताना डोरोथीबाईंनी तिला रुमालात बांधून आल्डरची ओंजळभर फळं दिली. ती तिने विमानात मांडीवर ठेवली होती म्हणे.

गणपतीत मी सुट्टी काढून घरी गेले. विहिरीशेजारी चिऱ्यांचा ढीग तयार होता, विहीर भरायला डबर येऊन पडलं होतं. आरती झाल्यावर आत्याने भालूदादाला ओटीवर बसवलं. एका बाजूला सुरूची फळं ओतली, दुसऱ्या बाजूला रुमाल सोडला. मग सगळं सांगितलं, मिठापासून पावसापर्यंत. दादाने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि ते त्याच्या स्वभावात नाही.

शेवटी तो म्हणाला, "म्हणजे ते कारण तिकडचं झालं. आपल्याकडे त्याचा उपयोग काही नाही."

"उपयोग नाय," आत्या म्हणाली. "कारण हाय. आपलं बोलणं कारणाचं झालं होतं."

दादा पुढे वाकला. त्याने इकडचं एक फळ उचललं, तिकडचं एक उचललं, शेजारी धरली, घाऱ्या डोळ्यांनी बराच वेळ पाहिली. मग पुन्हा खाली ठेवायला गेला आणि कुठलं कुठून घेतलं होतं ते त्याला सांगता येईना. आधी त्याने आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि दोन्ही ढीग हाताने एकत्र केले.

खोल्या घरामागच्या परड्यात निघाल्या, काजूंच्या बाजूला. पुढच्या चैत्रात फळी तळ्यात टाकायला माणसं मिळेनात, तर दादा स्वतः लुंगी वर खोचून पाण्यात उतरला. कारण कळल्याशिवाय ज्याने कधी पाण्यात पाय घातला नसता, तो माती तुडवताना आम्हालाच मिठाचं प्रमाण शिकवायला लागला.

याला आता पंचवीसएक वर्षं झाली. बयोआत्या आणखी अकरा फळ्या भरून गेली. तिच्या नावाचा घडाही आता आम्ही त्याच दिवशी देतो. मी निवृत्त होऊन आसूदला परत आले. काळ्या फळांचा डबा भरलेला असतो आणि त्यातली इथली कुठली, तिकडची कुठली, हे शोधायचं आम्ही कधीच सोडून दिलंय.

यंदा दादाची नवी सून ऋतुजा पहिल्यांदा फळीवर बसली. हौशी पोर, पण तिने वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. मी तिचा हात धरून खाली आणला. तळापासून लाव, म्हटलं.

"का पण, कुंदाआत्या?"

"पावसासाठी. पाणी वरच्या वर उतरून जातं."

तिने मान वर करून आभाळाकडे पाहिलं. ऊन इतकं होतं की तिला डोळ्यांवर हात धरावा लागला. नारळाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"पाऊस कुठंय?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "लांब आहे. तू लाव."